नंबर तीन, बेबी सुकदेव पाटील

१

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. लीलाधर सरांनी तसं बजावलं होतं आणि मी मान हलवली होती. पण सर धुळ्याला गेले त्याला आज बावीस दिवस झाले, आणि आत्ता मी जिथे बसले आहे तिथे बोलायला कुणी नाही. प्रिंटरचा कागद मात्र भरपूर आहे, दोन्ही कडांना भोकं असलेला. त्याच्या पाठीमागे लिहिते आहे. खाडाखोड होणार नाही असं बघते.

आमचं मुलींचं वसतिगृह अमळनेरला आहे. मुली बेचाळीस. त्यातल्या एकोणीस जणींचं आडनाव पाटील, आणि त्या एकोणिसांत दोघी बेबी सुकदेव पाटील.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. आमच्या भागात मुलगी झाली की घरातले सगळे तिला बेबीच म्हणतात. बारशाला एक नाव ठेवतात, पण ते पाळण्यातच राहतं. शाळेत घालायला काका घेऊन जातात. गुरुजी विचारतात, नाव काय? काकांना बारशाचं नाव काही आठवत नाही. गुरुजी खाली बघत लिहून टाकतात, बेबी. माझं असं पहूरला झालं. तिचं चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात. दोघींच्या वडिलांचं नाव सुकदेव निघालं, त्याला कुणाचा इलाज नव्हता.

वसतिगृह सांभाळणाऱ्या प्रमिलाबाई, म्हणजे आमच्या अक्का, यांनी रजिस्टरात माझ्या नावापुढे लाल शाईने ‘प’ लिहिलं होतं आणि तिच्या नावापुढे ‘चो’. हजेरीला त्या म्हणायच्या, पहूरची बेबी, चोपड्याची बेबी. एवढ्यावर भागत होतं.

पहिल्याच दिवशी ती ट्रंक डोक्यावर घेऊन आली आणि माझं नाव ऐकून खूप हसली. म्हणाली, “तुन्हं नाव बी बेबी? मंग आपण एकच शेत ना वं.” तिच्याकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, ‘आहोत’ला ‘शेत’.

मी हसले नाही. माझ्याभोवती चार मुली होत्या.

२

मला ती आवडत नव्हती, हे आधी लिहिलं पाहिजे. तिने माझं काहीच वाईट केलं नव्हतं. तिचं बोलणं मोठं होतं, फ्रॉकची शिवण काखेत उसवलेली असायची, जेवताना ती बोटं चाटायची. पण घरून लाडू आले की निम्मे माझ्या ट्रंकेवर ठेवून जायची. न विचारता. मी ते खायचे आणि डबा न बोलता परत ठेवायचे.

एकदा प्रार्थनेनंतर अक्का म्हणाल्या, बेबी सुकदेव पाटील हिच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, बाकीच्यांनी तिच्या फणीला हात लावू नका. त्या दिवशी ‘चो’ म्हणायचं त्या विसरल्या. मी पुढच्या रांगेत होते. सगळ्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या शेजारची भागीरथी हळूच एक वीत बाजूला सरकली. चोपड्याची बेबी मागून ओरडली की मी वं, मी, ती नही. पण तोवर माझे कान तापले होते. तेव्हापासून मला वाटायचं की हे नाव एकटीचं असतं तर.

दिवाळीनंतर संस्थेने कॉम्प्युटर आणला. जिन्याखालच्या खोलीत तो ठेवला, वर पांढरं आच्छादन, चपला बाहेर. गणिताच्या लीलाधर सरांनी त्याच्यासाठी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. नाव टाईप करायचं. मशीन ते एबीसीडीच्या क्रमाने त्याच्या जागेवर बसवायचं. तेच नाव चुकून पुन्हा दाबलं तर घ्यायचं नाही, गप्प राहायचं. सगळी झाली की ‘टोटल’ दाबायचं, खाली आकडा येतो. अमुक नावापासून तमुक नावापर्यंत किती, हेही तो सांगायचा. सरांना त्याचा फार अभिमान होता.

माझं अक्षर चांगलं आणि मी बडबड करत नाही, म्हणून नावं घालायचं काम मला मिळालं. रजिस्टर मांडीवर घेऊन मी एकेक नाव घातलं. अलका एक, आशा दोन, मी तीन. पुढे चोपड्याच्या बेबीचं नाव आलं. मी ते पूर्ण टाईप केलं आणि बटण दाबलं. फ्लॉपीचा दिवा लागला नाही. कर्र असा आवाज आला नाही. पडद्यावर काही हललं नाही.

मला तेव्हाच कळलं. खोटं लिहीत नाही, तेव्हाच कळलं.

शेवटी टोटल आली एक्केचाळीस. सर पाठमोरे होते. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी आच्छादन नीट केलं आणि चपला घातल्या.

३

दुसऱ्या दिवशी संस्थेचे रतिलालभाऊ आणि आणखी तिघे कॉम्प्युटर बघायला आले. सरांनी बटण दाबलं, आकडा आला, सगळ्यांनी मान डोलावली. मग रतिलालभाऊंनी सहज अक्कांचं रजिस्टर चाळलं.

“अक्का, मशीन म्हणतं एक्केचाळीस, तुमची वही म्हणते बेचाळीस. एक पोरगी कोठीत कोंडून ठेवली की काय?”

मंडळी हसली. अक्कांच्या कपाळावर घाम आला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “बेबी, सगळी नावं घातली ना?”

“हो सर.”

खरंच घातली होती. मी मनात तेच म्हणत राहिले, की मी खोटं बोलले नाही.

अक्कांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि बोट दाखवत मोजलं. एक्केचाळीस. पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. स्वयंपाकाच्या ताईबाई दारातून म्हणाल्या की अक्का, स्वतःलाच मोजत असाल, आणि पुन्हा हशा झाला.

बेचाळिसावी कुठे आहे ते मला माहीत होतं. अक्कांनीच सकाळी तिच्या डोक्याला सीताफळाच्या बियांचं तेल चोळून, वर फडकं बांधून तिला गच्चीवर उन्हात बसवलं होतं. डोळ्यात जाईल म्हणून खाली यायचं नाही असं सांगून. मी उभी होते तिथून गच्चीचा कठडा दिसत होता. कठड्यावर ते फडकं आणि खाली तिचा चेहरा. तिला मजा वाटत होती. तिने मला हात केला.

मी खाली, माझ्या पायांकडे बघितलं.

अक्कांनी मंडळींसमोर ‘चो’वर लाल रेघ मारली. म्हणाल्या, माझीच चूक, एकच नाव दोनदा लिहिलं गेलं. मला वाटलं, पाहुणे गेले की त्यांना आठवेल. तेल तर त्यांनीच लावलं होतं, त्यांच्या बोटांना अजून वास येत होता.

४

त्याच आठवड्यात छापील यादीप्रमाणे सगळ्यांना नंबर मिळाले. खाटेवर भिंतीला नंबर, खुंटीवर नंबर, ताटाच्या काठावर ठोकून नंबर. तीन नंबर माझा.

रविवारी दुपारी, विश्रांतीच्या तासाला, चोपड्याची बेबी वळकटी काखेत धरून अक्कांपुढे उभी होती. तिच्या खाटेवर दुसरीचा नंबर पडला होता. अक्का यादीवरून बोट फिरवत होत्या, मान वर न करता.

“बेबी सुकदेव पाटील ना? आहे की. नंबर तीन. जा.”

ती माझ्या खाटेशी आली. तेलाचा उग्र वास आला. म्हणाली, “अक्कानी धाडं माले. घडीभर सरक ना वं.”

खाट अरुंद होती, पण दोघी मावल्या असत्या. मी भिंतीकडे तोंड केलं आणि पाय लांब पसरले. ती बराच वेळ उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मग कधीतरी मला झोप लागली.

चहाच्या घंटेला उठले तेव्हा ती नव्हती. वळकटी नव्हती, ट्रंक नव्हती. मला वाटलं, रागावून चोपड्याची एसटी धरली असेल. पहिल्यांदा मला हलकं वाटलं. संध्याकाळी अक्कांनी हजेरी घेतली, बेबी म्हणाल्या, मी हजर म्हणाले, आणि पुढे भागीरथीचं नाव आलं. मध्ये काही नाही. मला हवं होतं तसंच झालं होतं.

५

मग टॉवेल ओला राहायला लागला.

सकाळी मी तीन नंबरच्या खुंटीवरून टॉवेल घ्यायचे, अजून आंघोळ व्हायची असायची, आणि तो ओला असायचा. थंडीचे दिवस आहेत, वाळत नसेल. मग उशीला सीताफळाच्या बियांचा वास. तो या खोलीत मुरला असेल. मग एक दिवस माझ्या फणीत ऊ निघाली. मी ती दाराच्या उंबऱ्यावर मारली, कुणी पाहिलं नाही ना ते बघितलं, आणि अक्कांना सांगितलं नाही.

भागीरथीला मी विचारलं की चोपड्याची बेबी गेली त्याला किती दिवस झाले असतील. ती वेणी घालत होती. रिबीन दातात धरून म्हणाली, “कोणती चोपड्याची? बेबी तू एकच. एक कमी पडते का आम्हाला?”

ती चेष्टा करत होती असं मला वाटलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती चेष्टा करत नव्हती.

तेव्हा मी सरांकडे गेले. सगळं नाही सांगितलं, मला तेव्हाच कळलं होतं हे गाळलं. सरांनी मशीन लावलं. बेबी सुकदेव पाटील ते बेबी सुकदेव पाटील, किती? आकडा आला, एक. त्यांनी जुनं रजिस्टर मागवून लाल रेघेखालचं नाव वाचलं आणि चष्मा पुसत बसले. म्हणाले, “तुम्ही पोरी घाईत दोनदा दाबता, म्हणून तेच नाव घ्यायचं नाही असं मी लिहिलं. मला वाटलं काय चांगलं सुचलं.” मग म्हणाले की ती घरी गेली असेल, तू कुणाला सांगू नको, रतिलालभाऊंपर्यंत जायला नको. धुळ्याचं प्रशिक्षण आठ दिवसांचं आहे, आलो की नावापुढे गाव घालतो. धूळ पुसायला म्हणून खोलीची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. एक पोस्टकार्ड आलं. पत्ता बेबी सुकदेव पाटील, म्हणून ते मला मिळालं. त्यावर लिहिलं होतं की दिवाळीला भेट झाली त्यानंतर तुझं काही कळलं नाही, कापूस वेचून झाला की येतो, तोवर पत्र टाक. खाली तिच्या वडिलांची सही आणि चोपडा तालुक्यातल्या गावाचं नाव.

म्हणजे ती घरी नव्हती.

कार्ड मी उशीखाली सपाट ठेवलं. सकाळी ते मधोमध दुमडलेलं होतं, आणि घडीत तेलाचा बोटाएवढा डाग होता. शाई एका जागी फुटली होती, पाण्याचा थेंब पडल्यासारखी.

मी वाळत चालले होते. ताईबाई म्हणायच्या, “तीन नंबर, एवढं वाढते तरी अंगाला लागत नाही तुझ्या. पोटात कुणी बसलं का तुझ्या?” मी दोन भाकरी घ्यायचे. एक खाईपर्यंत ताट रिकामं व्हायचं. मी विसरत असेन, मला अभ्यासामुळे लक्ष राहत नसेल. म्हणून परवा मी मुद्दाम मोजत जेवले. पहिला घास. दुसरा घास. डावा हात गुडघ्यावर ठेवला होता, उजव्या हातात घास होता.

तिसऱ्या घासाला ताटाच्या पलीकडच्या काठावर भाकरीचा तुकडा मोडला गेला. बोटं होती. नखांत तेलाचा काळा मळ होता. आमटीत तुकडा बुडवून ती बोटं माझ्या कोपराखालून मागे गेली, आणि कुणीतरी ती चाटल्याचा आवाज माझ्या कानाशी आला.

मी वर बघितलं नाही. समोर बसलेल्या मुलींनीही बघितलं नाही. तोंडातला घास गिळला आणि ताट थोडं पलीकडे सरकवलं. तेवढं मला जमलं. बाई गं, घे, असं म्हणायला हवं होतं.

६

आज रविवार. दुपारी सगळ्या झोपल्यावर मी किल्ली घेऊन जिन्याखाली आले. सरांची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. काय करायचं ते सोपं होतं. आहे ते नाव काढायचं आणि दोन नावं घालायची, एक चोपडा, एक पहूर.

मशीन सुरू झालं, पंख्याची घरघर झाली. नाव काढायला तीन नंबरचं बटण होतं. मी काढलं. फ्लॉपीचा दिवा लागला, कर्र आवाज झाला. टोटल दाबलं. चाळीस. बेबी ते बेबी किती, विचारलं. शून्य.

तो शून्य बघताना वरच्या मजल्यावरचे आवाज बंद झाले. कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. चाळीस मुली झोपल्या तरी थोडा आवाज राहतोच. मी घाई केली.

आधी तिचं नाव घालायचं असं मी येताना ठरवलं होतं. जिना उतरताना स्वतःला दोनदा सांगितलं होतं. बेबी सुकदेव पाटील एवढं टाईप केलं. आता गाव. माझं बोट पी वर गेलं. चुकून गेलं असं मी लिहू शकते, पण नाही. पी, ए, एच. म्हटलं, माझं आधी घालते, मग लगेच तिचं.

लाइट गेली.

पडदा आतल्या आत आक्रसला आणि मध्ये एक पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला. पंखा थांबला. माझ्या शेजारच्या स्टुलाचा पाय फरशीवर किंचित घासला. कुणी बसताना घासतो तसा.

७

त्यानंतर अक्का आल्या. चप्पल काढून दारात उभ्या राहिल्या. मी खुर्चीवरून उठले आणि अक्का म्हणून हाक मारली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खिडकी बघितली, ‘कुणी उघडं टाकलं हे’ असं पुटपुटल्या आणि दार ओढून बाहेरून कुलूप लावलं.

मी दार वाजवलं. पहिल्यांदा हळूच वाजवलं, मला मोठ्याने वाजवायची सवय नाही. मग मोठ्याने वाजवलं. बाहेरून दोन मुली हसत गेल्या. खिडकीच्या जाळीतून अंगण दिसतं. चारला पाण्याची रांग लागली, पाचला हजेरी झाली. अक्का यादी न बघता पाठ म्हणतात. अलका. हजर. आशा. हजर. भागीरथी. हजर. मी आतून तीनदा हजर म्हटलं. भागीरथीने खिडकीकडे बघितलं, आणि कानामागे खाजवलं.

आता ताटं मांडल्याचा आवाज येतो आहे. मी मोजली. चाळीस. माझ्या पोटात भूक आहे, पण ती एकटीची वाटत नाही.

स्टुलाकडे मी अजून बघितलं नाही. लिहिताना कागदाच्या डाव्या कडेला सावली पडते तेवढी दिसते. तेलाचा वास येतो. मला भीती वाटते, पण त्याहून जास्त लाज वाटते. इतके दिवस ती माझ्या खाटेच्या काठावर, माझ्या ताटाच्या काठावर, काही न मागता उभी होती, आणि आत्ता हे सगळं लिहिलं ते तिने बाजूला बसून वाचलं असणार. मी भिंतीकडे तोंड केलं तेही. तिने गच्चीवरून हात केला तेही.

सर, तुम्ही आलात आणि हा कागद सापडला तर एवढं करा. लाइट असेल तेव्हा बसा. अक्कांना खरं सांगा, माझ्या नावाने सांगा, मी लपवलं म्हणून. पोस्टकार्ड माझ्या उशीखाली आहे, तिच्या वडिलांना उत्तर टाका. आणि नावं घालाल तेव्हा आधी तिचं

ती बोलली. अगदी जवळून, नेहमीसारखं मोठ्याने नाही.

“बेबी, चाल वं. जेवाले बसू. मी सरकी जास, तुले जागा शे.”

येते म्हटलं मी. एवढी ओळ पुरी करते आणि येते. सर, आधी तिचं घाला, आणि पुढे चोपडा लिहा. मग माझं, आणि माझ्या नावापुढे